आबांची घोंगडी

लांबी ८ फूट १० इंच, रुंदी ३ फूट ७ इंच, वजन २ किलो ३०० ग्रॅम. मोजमाप मी स्वतः टेप लावून घेतले आहे आणि वजन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर केले आहे. (तो म्हणाला, "काका, ठेवून जा, पन्नास रुपये देतो." असो.) रंग काळा, पण उन्हात धरली की तपकिरी झाक मारते, कारण हा रंग डब्यातला नाही, मेंढीच्या अंगचा आहे. एका काठाला तीन बोटे रुंदीचा पांढरा पट्टा आहे, तोही पांढऱ्या मेंढीचाच. दोन्ही टोकांना दशा आहेत, त्यातल्या बऱ्याच झडल्या. मधोमध तळहाताएवढे रफू आहे, आणि ते इतके बटबटीत आहे की करणाऱ्या बाईला रफू येत नव्हते हे लगेच कळते.

ही घोंगडी माझ्या थोरल्या चुलत्यांची. आम्ही सगळी भावंडे त्यांना आबा म्हणायचो. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत ती त्यांच्या खांद्यावर होती. जुन्या सातारा जिल्ह्यातले आमचे गाव ताकारीच्या पुढे, सागरेश्वरच्या डोंगराच्या सावलीतले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्या वेळी सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ साली सातारचे दोन तुकडे होऊन 'दक्षिण सातारा' झाला आणि पुढे १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. तेव्हा बेचाळीसच्या गोष्टीत 'सातारा' आले की आपल्या सोसायटीतल्या सांगलीकरांनी रुसू नये, त्यातले निम्मे श्रेय तुमचेच आहे.

स्मरणिका समितीने "घरातल्या जुन्या वस्तूवर लिहा" असे आवाहन केले, तेव्हा ए विंगमधून ग्रामोफोन येणार, सी विंगमधून पितळी बंब येणार हे मला ठाऊक होते. घोंगडी कुणाकडून येणार नाही याचीही खात्री होती. शिवाय आपल्या इमारतीतल्या मुलांना 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार शाळेत येतो, पण घोंगडे म्हणजे काय ते माहीत नसते. मी नोकरीत पस्तीस वर्षे हा शब्द फाइलींसाठी वापरला. लोन प्रपोझल विभागीय कार्यालयात अडकले की आम्ही म्हणायचो, भिजत घोंगडे. खरे भिजलेले घोंगडे काय असते ते आबांकडून ऐकलेले होते म्हणून त्या शब्दाचे वजन मला कळायचे. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण एकदा ती पुरती चिंब झाली की दोन माणसांनी पिळावी लागते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. आबा म्हणायचे, "वल्लं घोंगडं म्हंजी पाठीवर वासरू."

आता थोडे ती कशी होते त्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. आपल्याकडची दख्खनी मेंढी काटक, तिची लोकर आखूड आणि खरखरीत. मऊ शाल होणारी ती लोकर नव्हेच. धनगर मेंढ्या कातरतात, ती लोकर धनुकलीने पिंजतात, घरच्या बाया सूत काढतात आणि सनगर खड्ड्यातल्या मागावर बसून विणतो. उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने साफ करतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. ती टोचते. पहिल्या वर्षी अंगाला लावून घेववत नाही, दुसऱ्या वर्षी ती माणसाळते, आणि मग पुढे पंधरा-पंधरा वर्षे साथ देते. एक टोक डोक्यावर दुमडून खोळ केली की डोके, पाठ, पिंढऱ्या सगळे झाकून पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. अंथरायला तीच, पांघरायला तीच, धान्य वाहायला तीच, पंचांची बैठक बसवायलाही तीच. लढाईच्या त्या वर्षांत कापडाची टंचाई होती. सरकारी 'स्टँडर्ड' कापडासाठी रांगा लागत होत्या. अशा काळात ज्याच्याकडे धड घोंगडी होती तो निम्मी रात्र तरी जिंकला होता.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी आत गेले, हे आपल्याला पाठ आहे. खेड्यात त्याचा अर्थ एवढाच होता की आता वरून सांगणारे कुणी नाही. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे मिळून नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार, त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे पडले. पंड्या कारखान्यातले शिकलेले, चांगल्या नोकरीतले तरुण होते. आबा या सगळ्यांत पंड्यांचे नाव फार घ्यायचे. "त्येला काय कमी हुतं?" असे म्हणून गप्प बसायचे.

मोर्च्यांनी गोळ्या खाव्या लागतात हे कळल्यावर आंदोलन जमिनीखाली गेले. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. येडेमच्छिंद्रचे, एकेकाळचे तलाठी. १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्याभोवती कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशी तरुण मंडळी उभी राहिली आणि प्रतिसरकार आकाराला आले. दीडशेच्या आसपास गावांत इंग्रजांचा अंमल कागदावर आणि यांचा अंमल प्रत्यक्षात. भांडणांचे निवाडे, दारूबंदी, दरोडेखोरांचा बंदोबस्त, खर्चाविना होणारी गांधी लग्ने ही कामे ते करीत. तुफान सेना ही त्यांची लढाऊ फळी. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, त्यात बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड होते. पुढच्या महिन्यात २४ जुलैला सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील साथीदारांसह निसटले आणि त्या पाठलागात दादांना गोळी लागली. १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, रक्कम पाच लाखांवर. मी बँकेतला माणूस असल्याने मला त्या आकड्याचे अप्रूप जरा जास्त. त्या काळचे पाच लाख, आणि ते वाहून आणणारी माणसे खिशात चणे-फुटाणे घालून चाललेली.

पुस्तकांत हे सगळे आहे. आबा यात कुठेच नाहीत.

गावात कुणी नवखा आला की त्यांना हटकून विचारायचा, "तुम्ही शेणोलीला होता का?" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, "न्हाई. मी भाकरी पोचवायला हुतो." ते एकोणीस वर्षांचे होते, चौथी शिकलेले. काम दोनच: भूमिगतांना भाकरी पोचवायची आणि चिठ्ठी इकडची तिकडे करायची. कुंडल, देवराष्ट्रे, कृष्णेपलीकडे वाळव्याची बाजू, हा त्यांचा टापू. एक फायदा असा होता की कुंडल औंध संस्थानात आणि शेजारची गावे इंग्रजी मुलखात, अशी सरमिसळ होती. बांध ओलांडला की फौजदार बदलायचा. नकाशावर बघितले तर ठिगळे लावलेली गोधडी वाटते. इंग्रजी पोलिसांना त्या ठिगळांचा वैताग, आणि आमच्या माणसांना त्याचाच आधार.

घोंगडीने त्यांना तीन-चार प्रकारे वाचवले, ते सांगतो. पहिले म्हणजे अंधार. पांढरे धोतर-सदरा चांदण्यात अर्ध्या मैलावरून दिसतो. काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन बांधाच्या कडेला उकिडवे बसले की माणसाचा दगड होतो. दुसरे म्हणजे वेष. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, म्हणजे मेंढरामागचा माणूस. त्याला रात्री-बेरात्री रानात कुणी "इथे काय करतोस" विचारत नाही. आबा धनगर नव्हते, पण डोंगराकडच्या धनगरवाड्यांत त्यांची उठबस होती. पोलीस दिसले की कळपात शिरायचे. "मेंढरं वळकत न्हाईत, पन सांगत बी न्हाईत," हे त्यांचे वाक्य. तिसरे, दशा. चिठ्ठी बारीक सुरळी करून दशांच्या पिळात बांधायची. झडती घेणारा खिसे चाचपतो, पागोटे सोडायला लावतो, वहाणा उलट्या करतो. घोंगडी मात्र झटकून बाजूला टाकतो, कारण तिला वास येतो. आबा तिला मुद्दाम शेणाच्या खळग्याजवळ टाकायचे.

आणि शाळू. दिवाळीनंतर माघापर्यंत रानात शाळू डोक्यावर वाढलेला असतो. त्यात आठ-दहा माणसे दिवसभर पडून राहायची. खाली घोंगडी नसेल तर जमिनीचा गारवा हाडात शिरतो आणि माणूस खोकायला लागतो. खोकला म्हणजे पकड. आजारी माणसाला ज्याची घोंगडी जाड त्याची मिळायची. आबांची जाड होती, त्यामुळे ती त्यांना स्वतःला फारशी कधी मिळालीच नाही.

कृष्णेच्या पुराची गोष्ट मात्र मी लहानपणी अनेकदा ऐकली. ऑगस्टात नदी भरली होती, नावा पोलिसांनी काठावर ओढून ठेवल्या होत्या, आणि पलीकडे निरोप पोचवायचाच होता. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून नदी ओलांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. घोंगडी घेऊन पाण्यात उतरायचे म्हणजे पाठीवर दगड बांधून उतरणे, आणि ठेवून जायचे तर पलीकडे चिठ्ठीही नाही आणि निवाराही नाही. त्यांनी घोंगडीची गुंडाळी सांगडीवर बांधली आणि स्वतः मागून पाय मारत गेले. मध्ये एक भोपळा फुटला. घोंगडी निम्मी भिजली. चिठ्ठी कोरड्या टोकाला होती. पलीकडे उतरल्यावर त्यांनी आधी चिठ्ठी दिली आणि मग दोन दिवस तापाने पडून राहिले. ज्यांच्या घरी पडले त्या घरातल्या म्हातारीने घोंगडी चुलीवरच्या उतरंडीवर वाळवली, तिचा धुराचा वास पुढे वर्षभर गेला नाही म्हणे. त्या म्हातारीचे नाव आबांना शेवटपर्यंत माहीत नव्हते. विचारायचे नाही असा नियमच होता.

अशा बायकांची मोजदाद कुणी केलेली नाही. प्रसिद्ध आहेत त्या थोड्याच. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ साली वारल्या, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी. गोव्याच्या कामगिरीवरून परतताना त्यांनी रात्री मांडवी नदी एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडली होती. भवानीनगरला पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या मारामारीचे सोंग करून पोलिसांना बाहेर काढले आणि साथीदारांनी तेवढ्यात बंदुका उचलल्या, तो मार खाणारी बाई हौसाबाईच. सोंग खरे वाटावे म्हणून मार खराच बसला होता. त्या पेटीची कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आबांचे भोपळे आठवले.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती गौरवाची नाही. प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणत, ते पायाच्या तळव्यांना पत्री ठोकण्याच्या शिक्षेवरून. खबऱ्याला, गुंडाला, सावकाराला ही शिक्षा मिळे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तळव्यांवर काठ्यांचा मार असे. आमच्या गावात लहानपणी हे सांगताना लोक हसायचे. आबा हसत नसत. एका रात्री निवाड्याची बैठक याच घोंगडीवर बसली होती, शिक्षाही तिथेच झाली आणि तो माणूस ओरडत या घोंगडीवरच लोळला. "त्यो खबऱ्या हुता, खरंच हुता," ते म्हणायचे, "पन त्याची पोरं दारात हुबी हुती." मधले जे रफू आहे ते त्या रात्रीचे. काठीचे लोखंडी टोक अडकून फाटले. रफू करणारी माझी थोरली आई, तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, तेरा-चौदा वर्षांची. तिला कुणी कारण सांगितले नव्हते. माझ्या मते बेचाळीसचा इतिहास सांगताना ही रात्र गाळणे बरोबर नाही, आणि या एका रात्रीवरून सगळी चळवळ तोलणे तर त्याहून चूक. दंगलीच्या, दरोड्याच्या त्या काळात आमच्या भागातल्या लेकीबाळी निर्धास्त फिरत होत्या, हेही त्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे.

चळवळ संपत आली तरी मरण संपले नव्हते. २५ फेब्रुवारी १९४६ ला शिराळ्याकडच्या डोंगरात पोलिसांशी चकमक होऊन वाळव्याचे किसन अहिर आणि नानकसिंग हे पडले. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचे नाव आहे. नानकसिंग पंजाबी, या मातीशी नात्याचा धागा नसलेला माणूस. स्वातंत्र्य जेमतेम दीड वर्षावर होते. आबा त्या वेळी दोन डोंगर अलीकडे भाकऱ्या घेऊन थांबले होते. न्यायला कुणी आले नाही तेव्हा त्यांना कळले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. महिना २०० रुपये. ते साल आमच्याकडे दुष्काळाचे, विहिरी कोरड्या, आबा खडी फोडायच्या कामावर जात होते. अट अशी की सहा महिने तुरुंगवास झालेला असावा, किंवा भूमिगत असल्याचा पुरावा हवा: वॉरंट, बक्षीस लावल्याचा हुकूम, फरारी घोषित केल्याचा कागद. आता बघा, आबा चार वर्षांत एकदाही पकडले गेले नाहीत. त्यांचे नाव एकाही पोलिसाला कळले नाही. ज्या कामासाठी त्यांना निवडले होते ते त्यांनी चोख केले, आणि नेमका त्याचाच कागद तयार होत नाही. मी पुढे बँकेत लागलो, काउंटरवर पेन्शनची पासबुके भरली, आणि कागदाशिवाय पैसे देता येत नाहीत हे मला चांगले समजते. नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण चोख काम करणाऱ्याला त्या नियमाच्या चाळणीतून खाली पडावे लागले, हे खरे.

शेजारच्या गावचे एक मोठे कार्यकर्ते स्वतः घरी आले होते. तुरुंग भोगलेले, नाव असलेले. म्हणाले, "मी लिहून देतो, तुझ्यावर वॉरंट होतं असं." मी पडवीत बसलो होतो. आबा म्हणाले, "न्हवतं की." ते म्हणाले, "अरे, तू काम केलंस ते मला ठाऊक आहे." आबांचे उत्तर, "काम केलं म्हणून लिवा. वॉरंट हुतं म्हणून लिवू नका." तसे लिहून उपयोग नव्हता. ते गृहस्थ चहा घेऊन गेले. आतून थोरली आई बाहेर आली आणि एवढेच बोलली, "घोंगडं खाऊन प्वाट भरतंय व्हय?" घरात चार तोंडे, दोन एकर कोरडवाहू. आमच्या भागात असेही दोघे-तिघे निघाले की ज्यांनी बेचाळीस साली काय केले ते कुणाला आठवत नव्हते, पण कागद पक्का होता. थोरल्या आईला ती नावे पाठ होती आणि आबा मरेपर्यंत ती त्यांना ऐकवीत राहिली. मला विचाराल तर मी दोघांच्याही बाजूने आहे. तिने उपाशी झोपवलेली पोरे तिने पाहिली होती, आबांनी नाही, ते खडीवर असायचे.

आबा १९८९ साली गेले. सरकारी सलामी वगैरे अर्थातच नव्हती. थोरल्या आईने घोंगडी त्यांच्याबरोबर पाठवायला साफ नकार दिला. सगळ्यांना वाटले, राग अजून गेला नाही. पुढची अकरा वर्षे ती हीच घोंगडी पांघरून झोपली, पुण्याला माझ्याकडे आली तेव्हाही घेऊन आली. आपल्या सोसायटीत ती फक्त एक हिवाळा राहिली. पहिल्या वर्षी रंग वाळायच्या आधी राहायला आलेल्या जुन्या सभासदांना जिन्यातल्या उन्हात काळे घोंगडे घेऊन बसलेली म्हातारी आठवत असेल. कुणीतरी वॉचमनकडे "बाहेरची बाई बसली आहे" अशी तक्रारही केली होती. ते सभासद आता माझे चांगले मित्र आहेत.

लोकरीला कसर लागते, म्हणून दर पावसाळ्यानंतर दोन दिवस ऊन द्यायचे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून जुन्या सुती साडीत गुंडाळायचे, डांबरगोळ्या नाहीत. रौप्यमहोत्सवाच्या दोन्ही दिवशी ती क्लबहाऊसमध्ये टेबलावर उघडी ठेवणार आहे, काचेत नाही. मुलांनी हात लावायला हरकत नाही, टोचते तेवढे सांभाळा. अजून सात दशांना गाठ मारता येते. कागदाची सुरळी करून बांधून बघायची असेल तर मी तिथेच असेन, संध्याकाळी पाच ते आठ. फक्त चहाचे कप लांब ठेवा.